एकशे अठ्ठावीस जणांनी पाहिलेला शनी

मी बाण बोलतोय. धनुष्यातला नव्हे, उजेडाचा. तुम्ही कधी तारांगणात गेला असाल तर मला नक्की पाहिलं असेल. घुमटाखालचे दिवे मालवतात, डोक्यावर तारे उगवतात आणि मग एक लहानसा पांढरा बाण त्या आकाशात फिरू लागतो. "हा पाहा व्याध," असा आवाज येतो आणि बाण व्याधाशेजारी जाऊन थांबतो. तो बाण म्हणजे मी. मला धरणारा हात तुम्हाला दिसत नाही. मला मात्र त्या हाताशिवाय जगातलं फारसं काही ठाऊक नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भित्रा आहे. दाखवणं हेच ज्याचं काम, त्याला जन्मभर एकच भीती पुरते. चुकीचं दाखवलं तर?

माझा जन्म यंत्राच्या खोलीमागच्या छोट्या कार्यशाळेत झाला. मला बनवलं ते अंधारकाकांनी. खेळ सुरू होताना दिवे मालवायचं काम त्यांचं, म्हणून येणारी पोरं त्यांना अंधारकाका म्हणत आणि पुढे सगळेच म्हणू लागले. मोडक्या दिव्याची पितळी नळी, जुन्या चित्रयंत्रातलं एक भिंग, दोन सेल आणि बाणाचा आकार कापलेला तांब्याचा पत्रा, एवढंच माझं शरीर. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी उलटा पडलो. भिंग आकृती उलटी करतं हे काका घाईत विसरले होते.

"च्यायला, हा तर जमिनीकडे बोट दाखवतोय," काका म्हणाले.

"असू द्या काका," बाई हसल्या. "पहिल्या दिवशी सगळेच घाबरून खाली बघतात."

बाई म्हणजे तारांगणात आकाश समजावून सांगणाऱ्या बाई. काकांनी पत्रा फिरवून बसवला, मी सरळ झालो आणि बाईंच्या उजव्या हातात गेलो. त्याला एकोणीस वर्षं झाली.

आमचा घुमट मोठा आहे. खुर्च्या एकशे बेचाळीस, रांगा अकरा, मधून उतरती वाट आणि वाटेला चौदा पायऱ्या. मधोमध एका खांबावर काळा गोळा बसवलेला. गोळ्याच्या आत एकच दिवा आहे आणि कवचाला हजारो बारीक भोकं. दिवा लागला की प्रत्येक भोकातून एकेक तारा घुमटावर जाऊन बसतो. भोकं कवचात पक्की असल्यामुळे गोळा कितीही फिरला तरी ताऱ्यांमधली अंतरं बदलत नाहीत. सप्तर्षी सप्तर्षीच राहतात, मृग मृगच राहतो.

ग्रहांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी गोळ्याखाली पाच छोट्या नळ्या आहेत. प्रत्येक नळीला वेगळा दिवा आणि वेगळी दातेरी चाकं. ग्रह एका जागी थांबत नाहीत, म्हणून दर सोमवारी सकाळी काका कोष्टकांचं जाडजूड पुस्तक उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि एकेका ग्रहाला त्या आठवड्याच्या जागी नेऊन बसवतात.

"आमच्या घुमटात उलटा न्याय आहे," बाई दर खेळात सांगायच्या. "इथे ताऱ्यांना मिळून एक दिवा आणि प्रत्येक ग्रहाला मात्र स्वतःचा. बाहेर गेलात की नेमकं उलटं समजा. तारे स्वयंप्रकाशी, ग्रह परप्रकाशी."

"बाई, तारा जळतो कशावर?" कोणीतरी विचारायचंच.

"लाकडासारखा जळत नाही तो. तारा म्हणजे वायूची प्रचंड मोठी रास, बहुतेक सगळा हायड्रोजन. ही रास स्वतःच्याच वजनाने आत आत दबत जाते. मधोमध इतका दाब आणि इतकी उष्णता होते की हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांवर आदळून जुळतात आणि त्यांचं हेलियम होतं. जुळल्यावर वजन केलं तर किंचित कमी भरतं. ते कमी भरलेलं कुठे गेलं? त्याचीच ऊर्जा झाली, त्याचाच उजेड झाला. वजन आत ढकलतंय, उष्णता बाहेर ढकलतेय, आणि या रेटारेटीत तारा उभा आहे."

"आणि ग्रह?"

"ग्रह वजनात कमी पडतो. त्याच्या आत ती चूल पेटतच नाही. गुरू एवढा धिप्पाड, पण तसे ऐंशी गुरू एकत्र केले तर कुठे एक लहानसा तारा पेटेल. म्हणून ग्रह सूर्याचा उजेड अंगावर घेतो आणि आपल्याकडे परतवतो. सगळा उसना कारभार."

"सूर्यातला हायड्रोजन संपला तर?"

"अजून पाच अब्ज वर्षं पुरेल. तोवर गृहपाठ करावाच लागेल."

पोरं हसायची. मी हसायचो नाही. मी त्या वेळी पुढच्या ठिपक्याच्या काळजीत असायचो.

ती काळजी उगाच नव्हती. बाहेरच्या आकाशात तारा लुकलुकतो. तो इतका दूर असतो की आपल्यापर्यंत त्याचं नुसतं टिंब पोचतं, आणि हवेचे थर हलले की टिंबही हलतं. ग्रह त्यामानाने जवळ. त्याची बारीकशी टिकली असते आणि अख्खी टिकली हवेला हलवता येत नाही, म्हणून तो शांत दिसतो. बाहेर कोणालाही हे ओळखता येतं. घुमटात मात्र काहीच लुकलुकत नाही. इथे कुठला ठिपका तारा आणि कुठला ग्रह, हे बाण सांगेल ते खरं. आता सांगा, मी भ्यायचं नाही तर काय करायचं?

तरीही पहिली सोळा वर्षं ती भीती सुसह्य होती, कारण हात खात्रीचा होता. बाईंचा अंगठा माझ्या खटक्यावर पडायचा, मनगट अर्धा वळसा घ्यायचं आणि मी थेट जागेवर. मग तीन वर्षांपूर्वी त्या हाताला काहीतरी झालं.

आधी तळवा दमट राहू लागला. मग पायऱ्या उतरताना बाई मला जमिनीकडे धरू लागल्या, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं. डावा हात खुर्च्यांच्या पाठी चाचपत जायचा. एकदा कोणीतरी पायरीवर पाण्याची बाटली ठेवली होती. दिवे मालवलेले. बाईंचा पाय बाटलीवर पडला, त्या झोकांडल्या, मी हातातून सुटता सुटता राहिलो आणि माझा बाण अख्ख्या आकाशावरून फरफटत गेला.

"पृथ्वी फिरते म्हणतात, ती अशी," बाई म्हणाल्या. सगळे हसले. बाईंची नाडी माझ्या पितळेवर धाडधाड आपटत होती, ती कोणाला ऐकू गेली नाही.

त्या आठवड्यात बाई मला खणात ठेवायचं विसरल्या आणि मी त्यांच्या पिशवीतून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पिशवीच्या अंधारात मी सगळं ऐकलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून निकामी होत चालला होता. उजेडात अजून बरीच वर्षं निभेल, पण अंधारात दिसणं आधी जाईल, बरंचसं गेलंच आहे, आणि यावर औषध नाही.

"अंधारात वावरावं लागतं का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी शिकवते."

आमच्याकडे एक नियम आहे. अंधारात प्रेक्षकांमधून फिरणाऱ्या माणसाने दरवर्षी साहेबांना, म्हणजे तारांगणाच्या प्रमुखांना, एक फॉर्म भरून द्यायचा. त्यात एक ओळ असते, 'दृष्टी'. त्या वर्षी बाईंनी तिच्यापुढे 'उत्तम' लिहिलं. पुढच्या वर्षीही. लिहिताना मी टेबलावर होतो. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं.

घरी फक्त लेकीला माहीत होतं. "आई, सांगून टाक ना गं," ती फोनवर म्हणायची. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू यायचा. "पडलीस एखाद दिवशी म्हणजे?"

"सांगितलं की तिकीट खिडकीत बसवतील."

"मग बस की! चांगली खुर्ची, चांगला उजेड."

"हो ना. लख्ख उजेड. सगळं जग आत जाऊन आभाळ बघणार आणि मी बाहेर सुटे मोजणार. ठेव फोन, माझी वेळ झाली."

मग बाईंनी एक युक्ती काढली, आणि माझी खरी परीक्षा तिथून सुरू झाली. खांबाजवळ जमिनीत उत्तर दिशा दाखवणारी पितळी पट्टी होती. त्या पट्टीवर त्या टाच टेकवायच्या आणि पाठांतराने बोलायच्या. तारे जागा सोडत नाहीत, हाच त्यांचा आधार. कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी गोळा किती फिरलेला असतो हे त्यांना तोंडपाठ होतं. इतका वळसा म्हणजे ध्रुव, तिथून इतकं खाली म्हणजे स्वाती. मी ठळक, म्हणून मी त्यांना पुसटसा दिसायचो. माझ्या टोकाशी काय आहे ते दिसायचं नाही.

ताऱ्यांवर मी दरवेळी बरोबर पोचलो. पण ग्रह? ते तर भटके. ते पाठ कसे करणार?

"काका, या आठवड्यात शुक्र कुठे बसवलात?" बाई दर सोमवारी सहज विचारल्यासारखं विचारायच्या.

"पुनर्वसूच्या खाली, मूठभर. का हो? दिसेलच की."

"दिसेल. आधी कळलं की बोलायला सोपं जातं."

मूठ हे आमचं माप. हात लांब करून मूठ धरली की आकाशाचा जेवढा तुकडा झाकतो, तेवढं अंतर. शुक्र, मंगळ यांची बाईंना धास्ती असायची, कारण ते भराभर सरकतात. शनीची मात्र नव्हती. शनी म्हणजे गोगलगाय. महिनोन् महिने मघा नक्षत्राच्या डावीकडे दोन मुठींवर बसून होता. शनीकडे जाताना बाईंचा हात कोरडा असायचा.

घात झाला तो शनीनेच.

एका मंगळवारी दुसऱ्या खेळाला एका शाळेची सहल आली होती. मुलं आणि शिक्षक धरून एकशे अठ्ठावीस. पहिला खेळ संपता संपता शनीच्या नळीतला दिवा उडाला होता. काकांची अशा वेळची रीत ठरलेली. यंत्राच्या टेबलामागे एक फळा होता आणि त्यावर मिणमिणता लाल दिवा. बिघाड झाला की काका खडूने तिथे लिहायचे आणि बाई जाता जाता वाचायच्या. तोंडाने बोलायची गरज दोघांना कधी पडलीच नव्हती. त्या दिवशीही काकांनी लिहिलं, 'शनी गेला. दुपारी बदलतो.' बाई फळ्यासमोरून गेल्या. लाल उजेडात त्यांना फळाही दिसला नाही.

"आता सिंह राशीत या," बाई म्हणाल्या. "ही मघा. हिच्यापासून डावीकडे दोन मुठी जायचं." मनगट वळलं. मी निघालो आणि पोचलो, आणि माझ्या टोकाशी काहीच नव्हतं. स्वच्छ काळोख.

"आणि हा शनी. पिवळसर, शांत. दिसला?"

मला विझायचं होतं. मला ओरडायचं होतं. खटका दाबलेला होता, सेल नवे होते आणि मी त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत ढळढळीत उभा होतो. मला वाटलं, संपलं, आता कोणीतरी 'नाही' म्हणणार.

"हो!" मागून एक आवाज आला. मग चार. मग सगळे. "हो बाई! दिसला!"

"मान वर करा रे सगळ्यांनी," त्यांचे शिक्षक म्हणाले. "दिसला ना? शाळेत गेल्यावर वहीत काढायचाय."

"बाई, त्याची कडी पण दिसतेय!"

"कडी दुर्बिणीतूनच दिसते रे बाळा, नुसत्या डोळ्यांनी नाही."

"नाही बाई, मला दिसतेय! गोल आहे!"

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, चुकीचं दाखवलं की लोक हसतील, हीच सगळ्यांत मोठी भीती. लोक हसले नाहीत. लोकांना ते दिसलं. मला तेव्हा जो काळोख जाणवला तो घुमटातल्या काळोखापेक्षा वेगळा होता.

चहाच्या वेळी कार्यशाळेत मी टेबलावर होतो.

"शनीबद्दल बोललात आज," काका म्हणाले.

"बोलते की रोज."

"दाखवलात?"

"म्हणजे काय! एकाला तर कडीसुद्धा दिसली."

काकांनी कप खाली ठेवला. "शनीचा दिवा उडालाय बाई. फळ्यावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं." आणि ते हसू लागले. "लोकांच्या मागे शनी लागतो. तुम्ही शनीच्या मागे लागलात, तोही नसलेल्या!" मग त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं. "बाई... कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

"अहो, पण तुम्ही तर धावत उतरता पायऱ्या."

"मोजून धावते."

काकांनी दाताने मिशी चावली. मग म्हणाले, "साहेबांपर्यंत जायची गरज नाही. आपण जमवू. मी खोकेन. एखादा ग्रह बंद असला की दोनदा."

दुसऱ्या दिवसापासून काका खोकू लागले. नसती आफत. कधी खूण म्हणून, कधी सवयीने, कधी खराच ठसका. प्रत्येक खोकल्याला बाईंचं मनगट थबकायचं आणि मी आकाशात अधांतरी लोंबकळायचो. एका आजींनी खेळ संपल्यावर काकांच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. "अंगावर काढू नका हो," म्हणाल्या. काकांनी ती मुकाट्याने खाल्ली.

पुढच्या सोमवारी शाळेच्या पत्रांचं बाड आलं. सहल झाली की शाळा मुलांकडून पत्रं लिहून पाठवतात. बाई ती खिडकीत बसून भर उजेडात वाचायच्या, मोठ्याने, काकांना ऐकू जातील अशी. त्यांचा स्वतःचा एक नियम होता. ज्या पत्रात प्रश्न असेल त्याला उत्तर जायलाच हवं. आणि कचेरीचा नियम असा, की उत्तर तारांगणाच्या कागदावर लिहायचं आणि साहेबांच्या सहीनेच बाहेर जायचं. मुलाला चुकीचं काही कळू नये म्हणून साहेब प्रत्येक उत्तर वाचायचे.

"'मला शनी फार आवडला. त्याची कडी सोन्याची होती,'" बाईंनी वाचलं. पुढचं उचललं. "'शनी मोठ्या लिंबाएवढा दिसला.'" त्यांचा आवाज बारीक होत गेला. पत्रामागून पत्र. कोणी चित्र काढलं होतं, कोणी रंगवलं होतं. मग एका पत्रावर त्या थांबल्या. काका म्हणाले, "वाचा ना." बाईंनी वाचलं.

"'बाई, मी तिसऱ्या रांगेत कडेला होते. तुम्ही बाण दाखवलात तिथे मला काहीच दिसलं नाही. सगळे हो म्हणाले म्हणून मी पण हो म्हणाले. माझ्या आजोबांना आधी अंधारात दिसायचं बंद झालं आणि मग सगळंच बंद झालं. मला पण तसंच होतंय का? मी रोज झोपताना दिवा बंद करून हात दिसतो का बघते. कधी दिसतो, कधी नाही. आईला सांगितलं नाही, ती घाबरेल. तुम्हाला आकाशातलं सगळं माहीत आहे म्हणून तुम्हाला विचारते. कृपया लवकर कळवा.'"

मी एक नळी. मला डोळे नाहीत, पाणी येण्याची सोय नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा जास्त भ्यालेलं कोणीतरी भेटलं, आणि तिला तसं भ्यायला मीच लावलं होतं.

"सोपं आहे," काका घाईघाईने म्हणाले. "घरून पाठवा, कोऱ्या कागदावर. तुझे डोळे ठीक आहेत, शनीचा दिवा उडाला होता, बास. चूक माझी. मी घेतो अंगावर."

"मग ती विचारेल, बाई, तुम्हाला कसा दिसला?"

"नाही विचारणार हो. लहान आहे."

"विचारेल. एकशे अठ्ठावीस जणांत विचारणारी ती एकटीच आहे." बाईंनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "आणि नाही विचारलं तर ते आणखी वाईट. मग ती मनात म्हणेल, दिवा नव्हता तरी बाईंना दिसला, म्हणजे दोष माझ्यातच. आणि रोज रात्री हात बघत बसेल."

"तुम्हाला खिडकीत बसवतील, बाई."

"माहितीये."

"मग?"

"मग काय काका. मी तीन वर्षं माझा हात बघत बसलेय. तिला नको."

त्यांनी तारांगणाचा छापील कागद घेतला. उत्तर छोटं होतं. 'बाळ, तुझे डोळे चांगले आहेत. तिथे शनी नव्हता. त्याचा दिवा उडाला होता आणि मला ते कळलं नाही, कारण अंधारात मला दिसत नाही. तू बरोबर होतीस. हे पत्र आईला दाखव आणि आजोबांचं मनात आलं होतं तेही तिला सांग. ती डॉक्टरांकडून डोळे एकदा तपासून घेईल, म्हणजे तुला माझं आणि डॉक्टरांचं ऐकून खात्री पटेल. वहीत शनी काढला असशील तर खोड.' दुसरं पत्र शाळेला, सगळ्या वर्गांत वाचून दाखवण्यासाठी.

साहेबांच्या खोलीत बाई मला हातात घेऊनच गेल्या. का, ते त्यांनाही माहीत नसावं. साहेबांनी दोन्ही पत्रं उभ्याउभ्या वाचली.

"खरं आहे हे?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

"आणि फॉर्मवर 'उत्तम' तुम्ही लिहिलंत."

"मीच लिहिलं."

साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "एखादं पोर उठून वाटेत आलं असतं," ते हळू म्हणाले, "आणि तुम्ही त्याला घेऊन चौदा पायऱ्या खाली गेला असतात, तर मी त्याच्या आईला काय सांगितलं असतं? इथे घाबरणाऱ्या फक्त तुम्हीच आहात असं वाटतं का तुम्हाला?"

साहेबांनी दोन्ही पत्रांवर सही केली. मग हात पुढे केला. "तो बाण द्या इकडे."

एकोणीस वर्षांनी तो तळवा माझ्यापासून सुटला. दमट होता.

पुढचे पाच आठवडे मी साहेबांच्या खणात, टाचण्या आणि जुन्या शिक्क्यांशेजारी पडून होतो. बाई तिकीट खिडकीत बसल्या, जसं त्यांनी लेकीला सांगितलं होतं तसंच. घुमटात साहेब स्वतः कागदावरून वाचून दाखवत. खणातून मला पुसट ऐकू यायचं. 'ताऱ्याच्या केंद्रभागी हायड्रोजनचे संमीलन होते.' पुढे प्रश्न कोणी विचारत नसे. मी खणात एकाच गोष्टीला भ्यायचो, सेल पाझरले तर माझं तांबं हिरवं पडेल आणि मग मला कोणी बाहेर काढणारच नाही.

सहाव्या आठवड्यात खण उघडला. साहेबांनी मार्ग काढला होता, अर्धा कडू, अर्धा गोड. बाईंनी अंधारात एक पाऊलही टाकायचं नाही. दिवे असतानाच यंत्राच्या टेबलाशेजारी खुर्चीत बसायचं, दिवे लागल्यावरच उठायचं. बोलायचं त्यांनी. मला धरायचं काकांनी.

तेव्हापासून मी काकांच्या हातात आहे. त्यांचा हात स्क्रू पिळण्यात पटाईत, दाखवण्यात अडाणी. बाई 'चित्रा' म्हणतात तेव्हा मी स्वातीवर असतो. "काका, डावीकडे." "हे डावंच आहे." "तुमचं डावं नको, प्रेक्षकांचं." लोक हसतात. माझा जीव जातो. बाईंचे डोळे दिवसाही आक्रसत चाललेत. हल्ली त्या कप उचलण्याआधी बोटाने त्याची कड शोधतात. एक दिवस उजेडातलंही जाईल, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे, आणि त्याबद्दल आम्ही बोलत नाही. मी तर बोलूच शकत नाही.

तुम्हाला मात्र एक मागणं घालतो. कधी माझ्याखाली येऊन बसलात आणि मी दाखवतो तिथे तुम्हाला काही दिसलं नाही, तर शेजारच्यांचे आवाज मोजू नका. 'नाही' म्हणा. मला त्याने वाईट वाटणार नाही. त्या एका शब्दावाचून मी किती भ्यालो होतो ते तुम्हाला सांगून झालंय.

आता गेल्या रविवारचं सांगतो आणि थांबतो. ती तिसऱ्या रांगेतली मुलगी आईला घेऊन आली होती. तिचे डोळे तपासून झाले होते आणि त्यात काहीही दोष नव्हता, हे तिच्या आईनेच आल्या आल्या बाईंना सांगितलं. दोघी पुन्हा तिसऱ्या रांगेत बसल्या. दिवे मालवले. शनीच्या नळीत नवा दिवा होता. मघा झाली, दोन मुठी झाल्या, काकांनी मला नेऊन उभं केलं.

"हा शनी," बाई म्हणाल्या. "दिसला?"

"हो!" सगळा घुमट म्हणाला.

"नाही," एक आवाज आला.

या वेळी दिवा लागलेला होता, हे मला माहीत होतं, आणि तरीही मी गारठलो.

"बाण त्याच्यावरच ठेवलाय तुम्ही," ती म्हणाली. "बाणाच्या उजेडात तो बुडालाय. बाण काढा ना."

"अरे देवा," काका पुटपुटले आणि त्यांचा अंगठा उचलला गेला.

मी विझलो.

"हं. आता दिसला," ती म्हणाली.

बाईंनी पुढे जायला हवं होतं. अजून स्वाती व्हायची होती, चित्रा व्हायची होती. त्या खुर्चीत पुढे झुकल्या.

"कसा आहे, मला सांग," बाई म्हणाल्या.

आणि ती सांगू लागली.